बर्फाचं जातं

सख्यांनो, आज जाऊ कॅनडात. तिथं जास्पर ते लेक लुईस असा सुमारे २३० किलोमीटरचा डोंगररस्ता आहे. गाडीतूनच हिमनद्या दिसतात. वाटेतल्या पेटो तलावाचं पाणी निळं-हिरवं का? हिमनदी म्हणजे हळूहळू सरकणारा बर्फ. तो खालचा खडक जात्यासारखा दळतो. ते पीठ पाण्यात तरंगतं, त्यावर ऊन पडलं की हा रंग दिसतो.

पुढं अथाबास्का हिमनदीपाशी सालं लिहिलेल्या पाट्या आहेत. त्या साली बर्फ तिथवर होता. हवा तापत चालली, तसा गेल्या १२५ वर्षांत तो दीड किलोमीटरहून जास्त मागं हटला. उन्हाळ्यात खालच्या नद्यांना याच बर्फाचं पाणी मिळतं. दरवर्षी खोल जाणारी विहीर आपण पाहतो. त्या पाट्यांचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.