वैद्यकीय पर्यटन, सौंदर्योपचारार्थ

शरीराची अथवा चेहऱ्याची ठेवण बदलून घेण्यासाठी रुग्णाने परदेशातील चिकित्सालयात जाणे, तसेच अशा रुग्णांना आकृष्ट करण्यासाठी चिकित्सालये, मध्यस्थ आणि शासन यांनी उभी केलेली व्यवस्था, या दोहोंस मिळून ही संज्ञा लावतात. हृदयविकार वा कर्करोग यांवरील उपचारांसाठी होणाऱ्या प्रवासाहून हा प्रकार वेगळा आहे. येथे येणारी व्यक्ती बहुधा निरोगी असते. उपचार तातडीचा नसतो. खर्च विमा सोसत नाही. आणि निवड करताना किंमत, छायाचित्रे व ऐकीव कीर्ती यांवरच मुख्यतः भिस्त असते. ब्राझील, थायलंड, तुर्कस्तान, हंगेरी इ. देशांत हा व्यवसाय वाढला आहे. तथापि या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा करून त्याची वार्षिक आकडेवारी ठेवणारा देश म्हणून दक्षिण कोरियाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

कोरियात आधुनिक सौंदर्यशस्त्रक्रियेचा प्रसार कोरियन युद्धानंतर झाला. अमेरिकन शल्यचिकित्सक राल्फ मिलर्ड हे १९५४ च्या सुमारास तेथे सैनिकी सेवेत होते. दुभंगलेल्या ओठावरील त्यांची प्रसिद्ध शस्त्रक्रिया तेथील कामातूनच आकाराला आली, आणि पापणीवर घडी निर्माण करण्याच्या शस्त्रक्रियेवरही त्यांनी लेखन केले. पूर्व आशियातील अनेकांच्या वरच्या पापणीस जन्मतः घडी नसते. ती करून घेणे ही पुढे कोरियातील अतिपरिचित शस्त्रक्रिया ठरली. व्यवसायाच्या वाढीचे खरे कारण मात्र आर्थिक आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविमा सर्व जनतेस लागू झाला. विम्याखालील उपचारांचे दर शासन ठरवते व ते डॉक्टरांना अपुरे वाटतात. सौंदर्योपचार विम्याबाहेर असल्याने त्यांचा दर चिकित्सालय स्वतः ठरवू शकते. साहजिकच अनेक डॉक्टर या शाखेकडे वळले. सोल शहराच्या गंगनाम विभागात, विशेषतः आपगुजंग व शिन्सा या भागांत, एकेका इमारतीत अशी अनेक चिकित्सालये दिसतात. देशी गिऱ्हाइकांवर इतक्यांचा निभाव लागणे कठीण होते.

कोरियाच्या वैद्यक अधिनियमाने नफ्यासाठी रुग्ण मिळवून देणे वा त्यासाठी दलाली घेणे निषिद्ध मानले आहे. २००९ मध्ये या कलमात दुरुस्ती करून परदेशी रुग्णांपुरता अपवाद करण्यात आला व तो १ मे २००९ पासून अमलात आला. म्हणजे स्वदेशी रुग्णाच्या बाबतीत जो अपराध, तोच परक्या रुग्णाच्या बाबतीत नोंदणीकृत व्यवसाय ठरला. (भारतात २००२ च्या वैद्यक परिषदेच्या आचारनियमांनी रुग्ण पाठविण्याबद्दल डॉक्टरने दलाली देणे वा घेणे निषिद्ध ठरविले आहे.) दुरुस्तीचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००९ मध्ये सर्व शाखांत मिळून सु. ६०,००० परदेशी रुग्ण आले. २०१९ मध्ये ही संख्या सु. ४,९७,००० झाली. कोविड साथीमुळे २०२० मध्ये ती सु. १,१७,००० पर्यंत घसरली. पण २०२३ मध्ये सु. ६,०६,००० आणि २०२४ मध्ये सु. ११,७०,००० अशी चढली. २०१६ ते २०१७ या काळात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरून चीनशी वाद झाला, तेव्हाही संख्या उतरली होती. राजकारणाची एवढी झळ अन्य वैद्यकीय शाखांना क्वचितच लागते. २०२४ मध्ये निम्म्याहून अधिक रुग्ण त्वचारोग विभागात आले आणि प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा वाटा सु. ११ टक्के होता. सुरीकडून सुईकडे व लेसर किरणांकडे झालेला हा कल प्रवाशाच्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण दोन दिवसांच्या मुक्कामातही असा उपचार होतो. सर्वाधिक रुग्ण जपान व चीन या देशांतील होते.

रुग्ण मिळविण्याची रीत साधारणतः अशी असते : प्रथम मध्यस्थ संस्था वा चिकित्सालयातील दुभाषी संयोजक रुग्णाच्या भाषेत संपर्क साधतो. रुग्ण आपली छायाचित्रे पाठवितो. त्यांवरून शस्त्रक्रियेचा आराखडा व दर कळविला जातो व काही रक्कम आगाऊ घेतली जाते. विमानतळावरून नेणे, निवास, दुभाषा आणि टाके निघेपर्यंतची देखरेख यांचा एकत्रित दर सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर चेहरा पारपत्रावरील छायाचित्राशी जुळेनासा होतो, म्हणून परतीच्या प्रवासात दाखविण्यासाठी काही रुग्णालये प्रमाणपत्रही देतात. दोष या सोयींत नाही. डॉक्टरची रुग्णाशी प्रत्यक्ष भेट होते, तेव्हा रुग्णाने पैसे भरलेले असतात, रजा काढलेली असते आणि परतीची तारीख ठरलेली असते. ‘ही शस्त्रक्रिया तुम्हांस नको’ हा सल्ला देणे व ऐकणे दोन्ही त्या क्षणी अवघड होते. दुभाषाचे वेतन जर दलालीतून निघत असेल, तर धोक्याची माहिती कितपत पूर्ण पोहोचते हाही प्रश्नच आहे.

अनधिकृत दलालांचा सुळसुळाट झाल्यावर शासनास जाग आली. २०१५ च्या आरंभी गंगनाममधील एका चिकित्सालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका चिनी महिलेची प्रकृती चिंताजनक झाली व प्रकरण बरेच गाजले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आरोग्यसेवांचा परदेशी विस्तार व परदेशी रुग्णांचे आकर्षण यांविषयीचा स्वतंत्र अधिनियम संमत होऊन जून २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णालय व मध्यस्थ दोघांनाही नोंदणी आवश्यक आहे; मध्यस्थास हमीविमा व किमान भांडवल, तर रुग्णालयास वैद्यकीय चुकीच्या भरपाईचा विमा लागतो. दलालीवरही मर्यादा आली : लहान चिकित्सालयांच्या बाबतीत उपचारखर्चाच्या ३० टक्के, रुग्णालयांच्या बाबतीत २० टक्के व सर्वोच्च श्रेणीच्या रुग्णालयांच्या बाबतीत १५ टक्के. मर्यादाच इतकी असेल, तर पूर्वीची दलाली काय असेल याची कल्पना करता येते. सौंदर्योपचारांवर १० टक्के मूल्यवर्धित कर आहे. परदेशी रुग्णांना तो परत देण्याची सवलत एप्रिल २०१६ मध्ये सुरू करण्यात आली. नोंदणीकृत व्यवहार उजेडात यावा, हाही त्यामागील एक हेतू होता.

यापेक्षा गंभीर बाब म्हणजे ‘भूतशस्त्रक्रिया’. भेटीच्या वेळी नामांकित डॉक्टर बोलतो आणि रुग्ण भुलेखाली गेल्यावर दुसराच मनुष्य शस्त्रक्रिया करतो, या प्रकारास कोरियात हे नाव पडले. यावर उपाय म्हणून रुग्ण बेशुद्ध असतो अशा शस्त्रक्रियागृहांत कॅमेरे बसविण्याची सक्ती करणारा कायदा २०२१ मध्ये संमत झाला व सप्टेंबर २०२३ मध्ये अमलात आला. परंतु चित्रण रुग्णाने वा त्याच्या पालकाने मागणी केल्यासच होते आणि ते किमान ३० दिवस जपून ठेवण्याचे बंधन आहे. कोरियन रुग्णास ही मुदत पुरेशी असेल. परदेशी रुग्णाच्या चेहऱ्याची सूज ओसरून खरा परिणाम दिसू लागतो, तोवर तो स्वदेशी परतलेला असतो व मुदतही संपत आलेली असते. त्यामुळे मागणी आधीच, आपल्या भाषेत व लेखी करणे हितावह ठरते.

वादाच्या निवारणासाठी २०१२ मध्ये वैद्यकीय विवाद मध्यस्थी व लवाद संस्था स्थापन झाली. तिच्याकडे परदेशी रुग्णासही जाता येते. मात्र प्रतिपक्षाने संमती दिली तरच कार्यवाही सुरू होते. मृत्यू, एक महिन्याहून अधिक काळ बेशुद्धी आणि तीव्र अपंगत्व एवढ्याच प्रकरणी संमती लागत नाही. वाकडे झालेले नाक वा असमान पापण्या या अपवादात बसत नाहीत, आणि परदेशी रुग्णांच्या तक्रारी बहुधा अशाच स्वरूपाच्या असतात.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा या पर्यटनाचा सर्वांत दुबळा दुवा होय. चेहऱ्याचे टाके साधारणतः आठवड्यात निघतात. पण जंतुसंसर्ग, व्रण जाड होणे वा बसविलेली कृत्रिम वस्तू सरकणे हे विकार कित्येक आठवड्यांनी उद्‌भवू शकतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लगेच केलेल्या दीर्घ विमानप्रवासात पायांच्या नीलांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. धोका कोणत्या थरास जाऊ शकतो, हे डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या उदाहरणावरून कळते. तेथे सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकन नागरिकांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. अखेरच्या वर्षांतील ज्या मृत्यूंची बारकाईने छाननी झाली, त्यांपैकी बहुतेक चरबीचे कण वा रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसांत अडकल्याने झालेले होते. स्वदेशातील डॉक्टरपाशी मूळ शस्त्रक्रियेची टिपणे नसतात. कोणते द्रव्य टोचले, कोणत्या जातीचे रोपण वापरले, हे त्यास रुग्णाच्या आठवणीवरून ठरवावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च रुग्णावर वा त्याच्या देशातील सार्वजनिक रुग्णालयावर पडतो. म्हणून शस्त्रक्रियेचा तपशील, रोपणाचा क्रमांक व भुलेची नोंद यांच्या प्रती निघण्यापूर्वी मागून घ्याव्यात. करारात दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख असला, तरी त्यासाठीचा प्रवासखर्च कोण देणार, हे बहुधा लिहिलेले नसते.