पावाच्या दोन कापांमध्ये काय लावावे?

दुकान सांभाळणाऱ्या घरांत सँडविचला आता मानाचे स्थान मिळाले आहे. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे ज्यांना शक्य होत नाही, त्यांच्या डब्यात ते असते. शाळेच्या मधल्या सुट्टीत असते आणि पाहुण्यांच्या अल्पोपाहारातही असते. काकडी, टोमॅटो, उकडलेले कच्चे केळे ही आतली सामग्री गृहिणी स्वतः निवडते, त्यामुळे तिच्याविषयी शंका उरत नाही. शंका उरते ती पावाला लावायच्या लेपाविषयी. तो बहुधा बाटलीतून येतो आणि बाटलीत काय आहे हे चवीवरून कळत नाही. व्यापारी माल पारखल्यावाचून घेत नाही. तीच पारख येथे उपयोगी पडावी.

मेयोनीजचे मूळ रूप

मेयोनीज हे मुळात अंडे, तेल आणि आंबट रस यांचे मिश्रण. तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत. परंतु अंड्याच्या बलकातील लेसिथिन तेलाचे सूक्ष्म थेंब वेगवेगळे राखते आणि घट्ट, पांढरट लेप तयार होतो. 1756 मध्ये फ्रेंचांनी मिनोर्का बेटावरील माहोन जिंकले, त्यावरून हे नाव पडले, अशी एक कथा सांगितली जाते. मात्र नावाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

अमेरिकेत मेयोनीजची व्याख्या कायद्याने ठरलेली आहे. त्यात वजनाने किमान 65 टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक असलाच पाहिजे. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील आपल्या दुकानातून विकलेले मेयोनीज पुढे जगभर पोहोचले. दक्षिण कॅरोलिनातील ‘ड्यूक्स’ साखरेवाचून बनते, म्हणून ते अधिक आंबट लागते. जपानचे ‘क्यूपी’ 1925 पासून मिळते. त्यात केवळ बलक वापरतात, त्यामुळे ते अधिक पिवळे आणि दाट असते. 1933 मध्ये आलेले ‘मिरॅकल व्हिप’ मेयोनीजसारखे दिसते, पण ते गोडसर असून त्यात तेल कमी असते. परदेशी शिकणाऱ्या किंवा व्यापारानिमित्त जाणाऱ्या मुलामुलींनी एवढे ध्यानात ठेवावे की, या चारही नावांच्या मूळ प्रकारांत अंडे असते. तिकडे भारतासारखा सक्तीचा हिरवा ठिपका नाही. घटकांची यादी वाचणे हाच मार्ग.

अंड्यावाचून मेयोनीज

अंडे नसेल तर त्या पदार्थाला मेयोनीज म्हणावे काय, हा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. 2014 मध्ये वाटाण्याच्या प्रथिनांपासून बनवलेल्या ‘जस्ट मेयो’विरुद्ध युनिलिव्हर कंपनीने दावा लावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मागे घेतला. पुढच्या वर्षी तेथील अन्न प्रशासनानेही नावाला हरकत घेतली. शेवटी वेष्टनावर खुलासा ठळक करण्याच्या अटीवर ते नाव टिकले.

भारतात हा प्रश्न ग्राहकांनीच सोडवून टाकला. येथील दुकानांत ‘एगलेस’ मेयोनीज सर्रास मिळते. त्यात बलकाचे काम दुधाची भुकटी किंवा सोयाबीनचे प्रथिन, स्टार्च आणि झँथन गम मिळून करतात. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमध्ये साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. केरळने 2023 च्या जानेवारीत, तेलंगणाने 2024 च्या अखेरीस आणि तामिळनाडूने 2025 च्या एप्रिलमध्ये त्यावर बंदी घातली, ती याच कारणासाठी. तरीही गाडीवर किंवा उपाहारगृहात वाटीतून मिळणाऱ्या पांढऱ्या लेपावर ठिपका नसतो. तेथे ‘बाटली दाखवा’ असे म्हणण्यात संकोच बाळगू नये.

ठिपका काय सांगतो, काय सांगत नाही

हिरवा ठिपका अंडे व मांस नसल्याची ग्वाही देतो. मांसाहारी पदार्थासाठी पूर्वी तपकिरी ठिपका होता. 2020 च्या नियमांनी त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आणला. मात्र कायद्याच्या व्याख्येत दूध आणि मध यांना मांसाहारी गणलेले नाही. म्हणून ‘हनी मस्टर्ड’च्या बाटलीवर हिरवा ठिपका असू शकतो आणि तो नियमानुसार योग्यही असतो. मध वर्ज्य मानणाऱ्या घराने ठिपक्यावर थांबून चालणार नाही.

कांदा, लसूण आणि बटाटा यांविषयी तर ठिपका काहीच सांगत नाही. ‘मिश्र मसाले’ या दोन शब्दांत लसणाची पूड असू शकते. ‘मॉडिफाइड स्टार्च’ मक्याचा, टॅपिओकाचा किंवा बटाट्याचाही असतो आणि कशाचा ते वेष्टनावर प्रत्येक वेळी दिलेले नसते. झँथन गम, म्हणजे क्रमांक 415, साखरेवर जिवाणूंच्या किण्वनाने तयार होतो. त्याविषयी प्रत्येक घराने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. यादीतील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तेलाआधी पाणी आले असेल, तर घट्टपणा मुख्यतः स्टार्चचा आहे असे समजावे. ‘जैन’ किंवा ‘कांदा-लसूणविरहित’ असे लिहिलेली बाटली घेतानाही यादीवर नजर टाकावी.

इतर लेप

टोमॅटो केचप निर्धोक वाटतो, पण कांदा आणि लसूण हे त्याच्या मसाल्याचे नेहमीचे घटक. त्यांच्याविना बनवलेला केचप आता सहज मिळतो. एका मोठ्या चमच्यात सुमारे 4 ग्रॅम साखर असते, हे मुलांच्या बाबतीत लक्षात असावे.

मोहरीचा लेप सर्वांत हलका. एक मोठा चमचा मेयोनीज सुमारे 90 ते 100 कॅलरी देते, केचप सुमारे 17 आणि मोहरी जेमतेम 10. अमेरिकी पिवळ्या मोहरीला रंग हळदीचा असतो. फ्रान्सच्या दिजों पद्धतीच्या मोहरीत मात्र पांढरी वाइन वापरण्याची रीत आहे; बाटली घेताना तेवढा शब्द शोधावा. बंगालची कासुंदी आंबवलेल्या मोहरीची, तिखट आणि नाकात झिणझिण्या आणणारी. तिच्या काही प्रकारांत आले-लसूण असते.

वूस्टरशायर सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही नावाचे लहान मासे असतात, आणि परदेशी उपाहारगृहांत तो इतर सॉसमध्येही मिसळतात. ‘थाउझंड आयलंड’ हा मेयोनीज व केचप यांचाच मेळ असून त्यात बहुधा कांदा असतो. शेजवान चटणीचा तर प्राणच लसूण.

घरची चटणी, घरचे मेयोनीज

मुंबईच्या सँडविचची ओळख हिरव्या चटणीने आहे. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, जिरे, लिंबू आणि थोडे भाजलेले डाळे एवढ्यावर ती उत्तम होते. आले-लसणाची उणीव जिरे आणि चिमूटभर हिंग भरून काढतात. चातुर्मासात किंवा तिथीला हिरवे वर्ज्य असेल, तेव्हा सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ आणि लाल मिरचीची कोरडी चटणी थोड्या तेलात कालवून लावावी. दह्याचा लेप करताना एक दक्षता हवी. कच्चे दही आणि डाळ एकत्र आले की द्विदलाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून डाळे घातलेली चटणी आणि दही एकाच सँडविचमध्ये नकोत. जे लोणी घेत नाहीत, त्यांनी पाव तुपावर भाजावा.

मेयोनीजही घरी होते, तेही थोडक्या वेळात. उकळून थंड केलेले 100 मिलिलिटर सायीचे दूध उंच, अरुंद भांड्यात घ्यावे. त्यात अर्धा चमचा मोहरीची पूड, मीठ आणि मिरपूड घालावी. वर वास नसलेले 200 मिलिलिटर तेल ओतावे. हातातील ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करावा आणि मिश्रण दाटू लागले की हळूहळू वर आणावा. शेवटी दोन चमचे लिंबाचा रस घालून पुन्हा क्षणभर फिरवावे. दुधातील प्रथिने बलकाचे काम करतात, मोहरी मिश्रण फुटू देत नाही, आणि लिंबाने ते अधिक घट्ट होते. दूध गार नसले तर मिश्रण पातळ राहते. यात परिरक्षक नाही, म्हणून ते त्याच दिवशी संपवावे.

लावण्याचाही क्रम असतो. केचप आणि चटणी यांतील पाणी पाव भिजवते. तेल-तुपाचा थर ते अडवतो. म्हणून आधी कडेपर्यंत तूप किंवा मेयोनीज, त्यावर चटणी, मग भाज्या. डबा दुपारपर्यंत उन्हात राहणार असेल, तर मेयोनीज टाळून कोरडी चटणी द्यावी.

आजीचा नियम आणि नातवाची आवड यांत एकाची निवड करावी लागते असे अनेकांना वाटते. बाटलीमागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय घरातील मुलांनाच लावली, तर दोन्ही एका ताटात नांदतात. दुकानात मालाचे बिल तपासणाऱ्या हातांना हे काम जड नाही.