दाराचे छायाचित्र आणि उंबरठा

प्रवासात जुन्या दारांची छायाचित्रे घेण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना जडला आहे. मात्र बहुतेक छायाचित्रांत कवाडावरील कोरीवकाम तेवढे येते आणि उंबरठा सुटतो. अडसराच्या खाचा नीट टिपल्या, तर दार आतून बंद होई की बाहेरून, हे कळते. ते कोणासाठी बंद होई, हे छायाचित्रात येत नाही. ते खाली लिहावे लागते.

आपल्या जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे घरांना कवाडे नसलेले गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील रिकाम्या चौकटी प्रवासी कौतुकाने टिपतात. २०११ मध्ये तेथे बँकेची शाखाही कुलुपावाचून सुरू झाली. त्याच गावी शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. तो ८ एप्रिल २०१६ रोजी उठला. चौथरा तर उघड्या आकाशाखालीच आहे!

नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे आज कोणीही टिपू शकतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेथे पोहोचले, तेव्हा ते बंद होते. लढा काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या तारखांवाचून ते छायाचित्र निव्वळ दगडालाकडाचे राहते.

छायाचित्रासाठी सकाळचे तिरपे ऊन उत्तम; नक्षी आणि झीज दोन्ही उठून दिसतात. दार राहत्या घराचे असेल तर आधी परवानगी घ्यावी. मग घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, पूर्वी ओसरीपर्यंत कोण येत असे आणि अंगणातूनच कोण परतत असे.