आज कितवा दिवस?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णाच्या छातीचा सीटी समोर आला की जाणता रेडिओलॉजिस्ट चित्राआधी दिवस विचारतो. मूलपेशी शिरेतून चढवल्या तो शून्य दिवस, आणि पुढची सगळी मोजणी तिथून. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं प्रत्यारोपण झालं. तेव्हापासून उपचार खूप सुधारले, तरी फुप्फुस हा या रुग्णांचा हळवा अवयवच राहिला आहे. सीटीवर दिसणारा धुरकट पांढरेपणा सायटोमेगॅलो विषाणूचा असू शकतो, रक्तस्रावाचा असू शकतो, साचलेल्या पाण्याचा असू शकतो किंवा कुठल्याही जंतूविना पेटलेल्या दाहाचाही. चित्र तेच राहतं आणि कारणं बदलतात. त्यातली कुठली शक्यता आधी धरायची हे पुष्कळदा दिवसाच्या आकड्यावरून ठरतं. म्हणून माझं म्हणणं असं की या रुग्णांच्या बाबतीत सीटी कधी काढला आणि कुठल्या श्वासावर काढला, हे लिहिलेलं नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे.

पहिले तीनचार आठवडे बुरशीच्या भीतीचे. पांढऱ्या पेशींचे काउंट पडलेले असतात, ताप अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि एक्स-रे मात्र स्वच्छ दिसतो. अशा वेळी एक मिलिमीटर जाडीच्या काप-प्रतिमांत एखादी गाठ सापडते आणि तिच्याभोवती चंद्राला पडतं तसं फिकट खळं असतं. अ‍ॅस्परजिलस बुरशी रक्तवाहिनीत घुसते, भोवती रक्त झिरपतं, त्याचं हे खळं. ते फार टिकत नाही. फ्रान्समधल्या दिजाँच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये काउंट पडलेल्या २५ रुग्णांचे सीटी पुन्हापुन्हा काढून पाहिले. पहिल्या दिवशी जवळजवळ सर्वांत असलेलं खळं आठवड्याभरात चौथ्या हिश्शाहूनही कमी रुग्णांत उरलं होतं. त्याच आठवड्यात, औषध चालू असतानाही, गाठींचं आकारमान साधारण चौपट झालं आणि पुढच्या आठवड्यात तिथेच स्थिरावलं. म्हणजे सातव्या दिवशी वाढलेली गाठ पाहून औषध हरलं असं म्हणणारा डॉक्टर चुकू शकतो. काउंट वर येताना गाठीत हवेची चंद्रकोर दिसते, ती तर बहुधा शरीर सावरत असल्याची खूण. उलट बाहेर दाट कडं आणि आत फिकट भाग दिसला, तर म्युकर या दुसऱ्या बुरशीचा संशय घ्यावा लागतो. तिथे अ‍ॅस्परजिलससाठीचं व्होरिकोनाझोल निरुपयोगी असतं आणि अ‍ॅम्फोटेरिसिनची गरज पडते.

शंभर दिवस उलटले की धोका रूप बदलतो. दात्याच्या पेशी यजमानाच्या सूक्ष्म श्वासनलिकांवर उलटतात, नलिका व्रणाने बुजत जातात. या आजाराचा सीटी छाती भरून श्वास घेऊन काढला तर जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. श्वास सोडून काढला की दोष उघडा पडतो: निरोगी भाग हवा सोडून करडा होतो, अडकलेला भाग काळाच राहतो. इथे सगळी भिस्त टेक्नॉलॉजिस्टवर असते. ‘श्वास घ्या, सोडा, पूर्ण सोडा, आता थांबा’ हे धापा टाकणाऱ्या माणसाकडून करवून घेणं हे कसबाचं काम आहे. ते साधलं की नाही याचा पुरावा चित्रातच असतो. मुख्य श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीत कूर्चा नसते, त्यामुळे नीट श्वास सोडला की ती भिंत आत झुकते. नळी गोलच दिसली तर श्वास सोडलेलाच नाही आणि ‘हवा अडकलेली नाही’ हा निष्कर्ष फोल ठरतो.

यावर आक्षेप येतो की सीटी जंतूचं नाव सांगत नाही, मग दुर्बिणीने फुप्फुस धुऊन नमुनाच का घेऊ नये? घ्यावा. पण प्लेटलेट घसरलेल्या, ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णात ती तपासणी प्रत्येक वेळी झेपत नाही. झेपली तरी दुर्बीण कुठल्या खंडात न्यायची हे सीटीच सांगतो. आपल्याकडे क्षयाची शक्यताही कायम डोक्यात ठेवावी लागते, त्यामुळे नमुन्याचं महत्त्व अधिकच. क्ष-किरणांच्या मात्रेचा आक्षेप जास्त वजनदार आहे, मुलांच्या बाबतीत तर फारच. त्यावर उत्तर म्हणजे श्वास सोडतानाचे काप कमी मात्रेत घेणं आणि प्रश्न ठरल्याशिवाय सीटी न काढणं. सर्वांत अवघड गोष्ट यंत्राबाहेरची आहे. काउंट शून्याजवळ असताना रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीतून काढून, मास्क बांधून, गर्दीच्या विभागात न्यावं लागतं. पुढे तो गावी परततो. बुजलेल्या नलिका पुन्हा मोकळ्या होत नाहीत, म्हणून दम लागण्याची वाट न पाहता फुंकून करायची स्पायरोमेट्री ठरल्या वेळी व्हायला हवी. पण तालुक्याच्या सीटी केंद्रात चिठ्ठीवर नुसतं ‘एचआरसीटी चेस्ट’ असतं आणि तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे श्वास भरून घ्यायला सांगतो. त्या चिठ्ठीवर प्रत्यारोपणाची तारीख, शेवटचा काउंट आणि ‘श्वास घेऊन व सोडून, दोन्ही’ एवढं लिहायला डॉक्टरला अर्धा मिनिटही लागत नाही.