गाईचा पान्हा आणि मुलीची पाळी

"ताई, धाकटीचं दूध बंद केलं मी. थोरलीला अकराव्या वर्षीच पाळी आली. गाईला इंजेक्शनं टोचतात ना हल्ली, ते दुधातून पोरींच्या अंगात उतरतं."

महाळुंगे पडवळमधली ही बाई स्वतः दोन एचएफ गाईंची धार काढते, दूध डेअरीला घालते आणि नऊ वर्षांच्या लेकीला मात्र घोटभरही देत नाही. असंच मी मंचरला ऐकलं, घोडेगावलाही ऐकलं. वाढीच्या वयातल्या मुलींच्या ताटातून दूध जातंय, म्हणून हे नीट सांगायलाच हवं.

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. हे हार्मोन गाईच्या अंगात मुळातच असतं. या बाईच्याच गोठ्यात पाहा. कास कोमट पाण्याने धुतली, वासराने दोन ढुसण्या दिल्या की मिनिटभरात सड तटतटतात. स्पर्शाची वर्दी मेंदूला जाते, पिट्युटरी ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते, ते कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात. दूध खाली उतरतं. हा पान्हा. त्याचा जोर काही मिनिटांचाच, म्हणून तर धार पाच-सात मिनिटांत उरकावी लागते. गोठ्यात कुत्रं शिरलं की भेदरलेल्या गाईच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ती पान्हा चोरते.

हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं, पण काम करतं ते त्याला धरणारा रिसेप्टर ज्या पेशीवर असेल तिथेच. ऑक्सिटोसिनचं मुख्य काम कास किंवा स्तन आणि गर्भाशय इथलं. मुलगी वयात येते ती वेगळ्याच साखळीने: मेंदू पिट्युटरीला जागं करतो, पिट्युटरी बीजांडकोशाला, आणि बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवतो. पान्ह्याच्या सुईचा या साखळीशी संबंध नाही.

शिवाय ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनांच्या जातीची. पोटात गेली की डाळीतल्या प्रथिनासारखी पचून जाते. या बाईंच्या सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे. तेही ५१ अमिनो आम्लांचं हार्मोनच. गिळून भागलं असतं तर त्यांनी रोज पोटावर सुई कशाला टोचून घेतली असती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हे तपासलंही आहे. इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांच्या दुधात ऑक्सिटोसिनच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि पाचकरसात ते मोडून गेलं.

कुणी म्हणेल, गर्भनिरोधक गोळी तोंडानेच घेतात, ती कशी चालते? बरोबर आहे. तिच्यातली हार्मोन्स स्टेरॉइड जातीची, ती पचनात मोडून जात नाहीत. दुधात नैसर्गिक इस्ट्रोजेन असतंही, पण अत्यल्प. ते गाईचं स्वतःचं, सुईचं नव्हे.

मग पाळी लवकर का येते? पोषण सुधारलं आणि वजन लवकर भरलं की वयात येणं अलीकडे सरकतं. युरोपात एकोणिसाव्या शतकात सोळा-सतराव्या वर्षी येणारी पाळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेराच्या आसपास आली. गोठ्यात ऑक्सिटोसिनची बाटली पोचण्याच्या कितीतरी आधी ही घसरण सुरू झाली होती. अकरावं वर्ष अगदी नॉर्मल आहे. आठच्या आत छाती वाढू लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दूध बंद करून वाट पाहू नका.

"मग इंजेक्शन दिलेलं चालतं म्हणायचं?" त्या बाईने विचारलं. मुळीच नाही! रोज टोचलेल्या गाईला सुईवाचून पान्हाच सुटेनासा होतो. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारं इंजेक्शन देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अन्याय गाईवर होतो आणि भीती पसरते दुधाची.

आणि औषधाचीही. जनावरांवरच्या गैरवापराचं कारण देऊन केंद्र सरकारने एप्रिल २०१८मध्ये खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला जागतिक आरोग्य संघटना दहा युनिट ऑक्सिटोसिनच सांगते. ते वेळेवर मिळालं नाही तर बाई जीवानिशी जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ती बंदी रद्द केली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ब्रॉयलर कोंबडी हार्मोनने फुगवतात? अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण सारख्याच खाद्यावर वाढवले. ५६व्या दिवशी वजनं भरली ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. हा निवड पैदाशीचा परिणाम. पोल्ट्रीबद्दल काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा.

द्राक्षाच्या मण्यांना जीए देतात, त्याने मुलांची हार्मोन्स बिघडतात? नारायणगावकडचे बागायतदार वापरतात ते जिबरेलिक आम्ल हे वनस्पतींचं हार्मोन. त्याचा रिसेप्टर माणसात नाही.

इन्सुलिनची सवय लागते? सासरे याच भीतीने मधूनमधून डोस चुकवतात. त्यांचं स्वादुपिंड पुरेसं इन्सुलिन बनवत नाही, जेवढं कमी पडतं तेवढंच सुई भरून काढते. डोस चुकला की रक्तातली साखर चढते, आणि पायाची जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही.