प्रतिपालकांच्या वाट्याची दोन वर्षं

दत्तक मूल घरी येतं ते कायमचं. प्रतिपालकांकडे मूल येतं तेच मुळी परत जाण्याची शक्यता घेऊन, आणि त्यांच्यावरचे बहुतेक निर्बंध त्यातूनच आले आहेत.

२००० च्या बाल न्याय कायद्यात या व्यवस्थेला जेमतेम जागा मिळाली. महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती बालसंगोपन योजना, पण तिचा आधार बहुतांशी एकल पालकांकडे किंवा नातेवाइकांकडेच वाढणाऱ्या मुलांना मिळत राहिला. कित्येक वर्षं महिना ४२५ रुपये! पुढे १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० झाले.

परक्या घरात मूल ठेवण्याची नीट चौकट आखली ती २०१५ च्या कायद्यानं. बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवता येत नाही. आधी गृहचौकशी होते. घरातल्या सगळ्यांची एचआयव्ही, क्षयरोग, हिपॅटायटिस-बी अशी तपासणी होते. मूल आल्यावर दरमहा पाहणी. हेळसांड दिसली तर मूल दुसऱ्या घरी हलवायचं. हे सगळं हवंच. परक्या घरातलं मूल तक्रार करायला कुणाकडे जाणार?

मला सर्वांत अवघड वाटतो तो जन्मदात्यांच्या भेटीचा नियम. समितीनं कारण नोंदवून मनाई केली नसेल, तर त्यांना ठरावीक काळानं मुलाला भेटता येतं. ओळखीतल्या एका घरी मुलाची आई येई, तेव्हा प्रतिपालक बाई चहा ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसत. मुलगा दोन्हीकडे बघत राही. आई सावरली, असं समितीला वाटलं की मूल तिच्याकडे जाणार, हे त्या बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी रात्रीचा अभ्यास त्याच घेत होत्या.

पण ज्याला परत जायला घरच नाही, त्याचं काय? २०१६ च्या नियमांनुसार, मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं झालं तरी प्रतिपालकांना ते दत्तक मागायला पाच वर्षं सांभाळ झालेला असावा लागे. सातव्या वर्षी आलेलं मूल तोवर बारा वर्षांचं होई. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही मुदत दोन वर्षांवर आणली. माझ्या मते गेल्या दशकातला सर्वांत मोलाचा बदल हाच.

त्याच सूचनांनी एकट्या व्यक्तींनाही दार उघडलं. पूर्वी फक्त जोडपी चालत. आता ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाईसुद्धा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करू शकते आणि मुलगा किंवा मुलगी, कुणालाही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच सोपवला जातो.