कर्वेनगरच्या गच्चीवरून काय ऐकावे?

हाती रेडिओ स्कॅनर आला की शेकडो वाहिन्या भरून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. साधा स्कॅनर एका क्षणी एकाच वाहिनीवर असतो आणि आवाज लागला की तिथेच थांबतो. यादीत बडबड्या वाहिन्या जितक्या जास्त, तितका एखादा दुर्मीळ, काही सेकंदांचा संदेश निसटण्याचा संभव मोठा. शहरात एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर असतेच. तिलाच संदेश समजून स्कॅनर अडकून पडतो. अशी वाहिनी खुशाल वगळावी.

निवड आधी नकाशावर करावी. व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) रेडिओ लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. पुण्यातल्या कर्वेनगरच्या उत्तरेला वेताळ टेकडी आहे. तिच्या पलीकडचा हातातला वॉकीटॉकी इथे ऐकू येण्याची आशा थोडीच, पण डोक्यावरून येणाऱ्या लहरीला टेकडी आडवी येत नाही. म्हणून माझ्या मते पहिला मान १४५.८०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या हॅम (हौशी) रेडिओचा. जुलै २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथून भारतीय विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच बोलले होते. अधूनमधून या वाहिनीवर चित्रेही येतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. चांगली फेरीही जेमतेम दहा मिनिटांची. डॉप्लर परिणामामुळे ते जवळ येताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर सरकते, दूर जाताना तितकीच खाली. त्यामुळे दोन्ही बाजूंना अडीच किलोहर्ट्झवर आणखी एकेक वाहिनी भरावी. अँटेना म्हणून ५१ सेंटिमीटरची उभी तार चालते, मात्र ती घरात नको, गच्चीवर हवी.

याद्या शिळ्याही होतात. १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले नोआ-१५, १८ आणि १९ हे हवामान उपग्रह जुन्या याद्यांत हमखास सापडतात, पण २०२५ मध्ये तिन्ही बंद झाले. रशियाचे मेटिओर उपग्रह त्याच पट्ट्यात चित्रे पाठवतात, पण डिजिटल. ती कानाला नुसती खरखर वाटतात. त्यांच्यासाठी एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) आणि संगणक लागतो.

पोलीस आणि सुरक्षा दलांच्या वाहिन्या यादीत घालूच नयेत. दुसऱ्यांचे संदेश अनधिकृतपणे ऐकणे कायद्याने गुन्हा आहे, आणि कुतूहल ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही. ऐकता ऐकता स्वतः बोलावेसे वाटले, तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम परवाना घ्या. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते.